हर्पिसचा शिरकाव आणि 'आंतरक्रिया' हा शब्द

प्रश्न : हर्पिसचा विषाणू पेशीत कसा शिरतो यावरचा लेख मराठीत आणते आहे. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची 'इंटरॅक्शन' दर दोन ओळींनी येते. 'आंतरक्रिया' आणि 'परस्परक्रिया' दोन्ही वापरून पाहिले. वाक्य बरोबर होते, पण चित्र उभे राहत नाही. शिवाय 'एंट्री'ला काय म्हणू? प्रवेश, शिरकाव की घुसखोरी?

उत्तर : दुसरे सोपे आहे. शिरकावच. प्रवेशाला परवानगीचा वास येतो आणि घुसखोरीत कुंपण तोडल्याचा आवाज असतो. हा विषाणू काही तोडत नाही, आपले वेष्टन पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या बाहेरच्या पातळ आवरणात, मिसळून टाकतो.

'आंतरक्रिया'ची अडचण अशी की, त्या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी झाकल्या जातात. ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू-1, म्हणजे एचएसव्ही-1 घ्या. आधी त्याची जीसी आणि जीबी ही प्रथिने पेशीबाहेरच्या हेपरान सल्फेट या शर्करेच्या साखळ्यांना 'चिकटतात'. ही पकड सैल, सुटूही शकणारी. मग जीडी हे प्रथिन पेशीवरच्या नेक्टिन-1 किंवा एचव्हीईएम या ग्राहीशी (रिसेप्टरशी) 'जुळते'. इथे चिकटणे लिहाल तर घोटाळा होईल, कारण जुळल्यावर जीडीचा आकारच बदलतो. अंगाशी दुमडलेले त्याचे शेपूट बाजूला सरते, आणि त्यातून जीएच-जीएल ही जोडी 'चेतवली जाते'. यातल्या जीएलला पटलात रुतून बसायची सोय नाही, ते जीएचला बिलगूनच असते. ही जोडी पुढे जीबीला कामाला लावते. जीबी म्हणजे तीन रेणूंचे त्रिकूट. ते आपली टोके पेशीच्या पटलात खुपसते, मग स्वतः दुमडते, आणि विषाणूचे व पेशीचे अशी दोन्ही पटले ओढली जाऊन 'एकजीव होतात'.

चिकटणे, जुळणे, चेतवणे, एकजीव होणे. क्रम क्रियापदांतच आला. 'आंतरक्रिया' फार तर शीर्षकात ठेवा.

दुसरे उत्तर : बाकी सगळे मान्य, 'एकजीव' नाही. विषाणूला मुळात जीव आहे की नाही यावरच वाद, आणि आपण त्याला एकजीव करतो आहोत! 'संमीलन' बरे.

पहिले उत्तरकर्ते : संमीलन म्हटले की मला संमेलन दिसते. पण नाम हवे तिथे 'पटल-संमीलन' आणि क्रियापदाला 'एकजीव होणे', अशी तडजोड मान्य.

तिसरे उत्तर : थोडे अवांतर. 'हर्पिस' ग्रीकमधल्या सरपटणे या अर्थाच्या धातूवरून आला. आपला संस्कृत 'सृप्' त्याचाच भाऊबंद, म्हणजे सर्प, विसर्प (त्वचेचा एक आजार) आणि हर्पिस एकाच कुळातले. त्याच विषाणू-कुळातल्या एका दुखण्याला मराठीने स्वतंत्रपणे 'नागीण' म्हटले, याची मला भारी गंमत वाटते.

प्रश्नकर्ती : छान! पण नागिणीच्या, म्हणजे कांजिण्यांच्याच विषाणूत जीडी नसते असे लेखात आहे. मग 'जुळते'चे काय करू?

पहिले उत्तरकर्ते : ते वाक्य फक्त एचएसव्हीपुरते ठेवा. याच कुळातल्या एपस्टाइन-बार विषाणूतही जीडी नाही. बी-पेशीत (रक्तातल्या एका पांढऱ्या पेशीत) शिरताना तिथे जीपी42 हे प्रथिन त्या पेशीवरच्या एचएलए वर्ग-2च्या रेणूशी जुळते, म्हणजे नाव बदलले तरी क्रियापद तेच. जीबी आणि जीएच-जीएल मात्र हर्पिसच्या साऱ्या कुळात आहेत, तेव्हा 'एकजीव होणे' कुठेही बदलावे लागणार नाही. किंवा संमीलन, ज्यांना हवे त्यांना.