आइसलँडमध्ये दर गुरुवारी टीव्ही बंद असायचा, हे खरंय का?

चॅनेलबदलू
आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की आइसलँडमध्ये म्हणे १९८७ पर्यंत दर गुरुवारी टीव्ही बंद ठेवायचे, का तर लोकांनी घरात डबा बघत न बसता एकमेकांकडे जावं म्हणून सरकारने तसा कायदाच केला होता. खाली हात जोडलेले इमोजी आणि "आपण कधी शिकणार" हे ओघाने आलंच. मला जरा जास्तच गोडगोड वाटतंय. एवढा पुढारलेला देश आणि टीव्हीला साप्ताहिक सुट्टी? कुणाला नीट माहिती आहे का? आणि मुळात तिकडे टीव्ही आला कधी?

अर्धवट_अँटेना
गुरुवारचं शंभर टक्के खरं. बाकी मसाला आहे.

तिथली सरकारी प्रसारण संस्था म्हणजे रूव्ह. रेडिओ १९३० पासून, पण टीव्ही सुरू झाला थेट ३० सप्टेंबर १९६६ ला, शुक्रवार होता. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस, मग वाढत वाढत सहा दिवस झाले आणि गुरुवार मोकळा राहिला तो राहिलाच. त्यावर कडी म्हणजे अख्खा जुलै महिना प्रक्षेपण बंद! बातम्यासुद्धा नाहीत. सगळ्या स्टाफला एकदम रजा, जा फिरा. तसंही जुलैत तिकडे रात्र अशी होतच नाही, मध्यरात्रीही उजेड, टीव्हीपुढे बसतंय कोण. हा जुलैचा प्रकार १९८३ मध्ये थांबला.

कारण काय, तर माणसं कमी आणि पैसा कमी. त्या वेळी देशाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत होती हो. एवढ्याशा लोकांच्या लायसन्स फीमधून स्टुडिओ चालवायचा, डोंगराडोंगरांवर रिले टॉवर उभे करायचे, बाहेरून सिनेमे मालिका विकत घ्यायच्या आणि वर त्या प्रत्येकाला आइसलँडिक सबटायटल्स लावायची. सातवा दिवस भरायचा कशाने? कायदाबियदा काही नव्हता, वेळापत्रकच तसं होतं.

निवांतराव
अर्धवटभाऊ, पैशाचं मान्य, पण निव्वळ पैशाचं असतं तर पैसा आल्यावर लगेच गुरुवार सुरू केला असता ना? वीस वर्षं चालला तो प्रकार. लोकांना आवडायला लागला होता म्हणूनच चालला. नाटक, कॉन्सर्ट, क्लबच्या मीटिंगा, पाहुणे बोलावणं हे सगळं गुरुवारी ठेवायचं, कारण त्या दिवशी लोक हमखास येणार. आणि तिकडचा जुना विनोद आहे की त्या पिढीतली निम्मी पोरं गुरुवारची आहेत 😄 तेव्हा फॉरवर्डवाल्याने कारण आणि परिणाम उलटे लावलेत एवढंच, पण अगदीच हवेतलं नाहीये.

खारा_वारा
गुरुवारचं ठीक आहे, सगळीकडे तेच सांगतात. पण खरी मजा त्याच्या आधीची आहे आणि ती कुणी सांगतच नाही.

आइसलँडला स्वतःचा टीव्ही यायच्या अकरा वर्षं आधी तिथे टीव्ही होता, फक्त अमेरिकेचा. १९५१ च्या संरक्षण करारानंतर केफ्लाविकला अमेरिकी सैन्याचा तळ आला आणि १९५५ मध्ये त्यांनी आपल्या जवानांसाठी छोटं टीव्ही स्टेशन टाकलं. आधी पॉवर अगदी कमी, तळापुरतीच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना ती वाढवायची परवानगी मिळाली आणि मग काय, सिग्नल राजधानी रेक्याविकपर्यंत मस्त पोचायला लागला. लोकांनी धडाधड सेट घेतले, छपरांवर अँटेना, सगळ्यांची तोंडं केफ्लाविककडे. म्हणजे स्वतःच्या भाषेतला एक मिनिटाचाही कार्यक्रम नाही आणि घरात पोरं अमेरिकन काउबॉय बघत बसलीत, असा सीन.

यावरून जे पेटलं ते साधंसुधं नव्हतं. मार्च १९६४ मध्ये देशातल्या साठ नामवंत लोकांनी संसदेला निवेदन दिलं, की परदेशी सैन्याचं स्टेशन आपल्या घराघरात शिरतंय हे स्वतंत्र देशाला शोभत नाही, ते तळापुरतं मर्यादित करा. त्यावर दुसऱ्या बाजूने हजारो लोकांनी सह्या केल्या की आम्हाला जे बघायचंय ते बघू द्या, तुम्ही कोण ठरवणारे! पेपरांत पानंच्या पानं भांडणं. देश १९४४ मध्ये प्रजासत्ताक झालेला, म्हणजे जेमतेम वीस वर्षं झालेली, त्यामुळे भाषा आणि स्वाभिमान या दोन्ही गोष्टी लगेच झोंबणाऱ्या.

या भांडणामुळेच रूव्हचा टीव्ही पुढे ढकलता येईना, असं माझं मत. नाहीतर एवढ्या छोट्या देशाने आणखी पाच-दहा वर्षं सहज काढली असती. आणि रूव्ह सुरू झाल्यावरही अमेरिकन स्टेशन लगेच गेलं नाही बरं का, ते खऱ्या अर्थाने तळापुरतं उरलं ते सत्तरच्या दशकात. म्हणजे काही वर्षं गुरुवारी रूव्ह बंद असलं तरी ज्यांच्या अँटेनाला केफ्लाविक लागायचं त्यांचा टीव्ही चालूच. ते तुमच्या फॉरवर्डमध्ये नसणार.

चॅनेलबदलू
बाप रे, हे काहीच माहीत नव्हतं. मग १९८७ मध्ये असं काय झालं की गुरुवार गेला? आणि त्या काळात जगाच्या बातम्या बेटावर पोचायच्या कशा, समुद्राखालून?

अर्धवट_अँटेना
विमानाने! फिल्मचे डबे यायचे. १९८० मध्ये रेक्याविकजवळ उपग्रह केंद्र सुरू झालं, तोपर्यंत परदेशी बातमीचं चित्र शिळंच. इंग्लिश फुटबॉलची मॅच शनिवारी लागायची ती आठवड्यापूर्वीची, स्कोअर सगळ्यांनी पेपरात वाचलेला, तरी लोक आवडीने बघायचे.

गुरुवारचं म्हणाल तर रूव्हची मक्तेदारी गेली म्हणून गुरुवार गेला. ऑक्टोबर १९८४ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला, रूव्ह ठप्प, आणि त्या पोकळीत चोरून रेडिओ स्टेशनं सुरू झाली. पोलिसांनी बंद केली, पण लोकांना कळलं की अरे, हे दुसरं कुणीही चालवू शकतं. त्याआधीच मोठ्या अपार्टमेंट ब्लॉक्समध्ये एका व्हीसीआरवरून वायर टाकून घरोघरी सिनेमे दाखवायचे उद्योग चालू होतेच. शेवटी कायदा बदलला आणि १ जानेवारी १९८६ पासून मक्तेदारी संपली.

मग आलं स्तॉद २, पहिलं खासगी चॅनेल, पैसे भरा डीकोडर घ्या टाइप. त्यांचं पहिलं प्रक्षेपण कधी, तर ९ ऑक्टोबर १९८६. वार बघा कॅलेंडरात. गुरुवार! दोनच दिवसांनी रेगन आणि गोर्बाचेव्ह रेक्याविकला भेटले, म्हणजे जगभरचे कॅमेरे गावात आणि देशात टीव्हीची पहिलीच स्पर्धा. रूव्हने आणखी एक वर्ष कळ काढली आणि १ ऑक्टोबर १९८७ पासून गुरुवारीही प्रक्षेपण सुरू केलं. समोरचा दुकान उघडून बसलाय म्हटल्यावर आपण शटर किती दिवस ओढून ठेवणार.

निवांतराव
हे पटलं. एक भर घालतो. गुरुवार गेला तरी सगळा देश एकत्र टीव्हीपुढे बसतो तो एक दिवस अजून आहे, ३१ डिसेंबर. त्या रात्री रूव्हवर आउरामोतास्कोइप नावाचा कार्यक्रम असतो, सरत्या वर्षातल्या पुढाऱ्यांची, घोटाळ्यांची, सेलिब्रिटींची यथेच्छ टिंगल. लोक संध्याकाळी गल्लीतल्या मोठ्या शेकोटीला जातात, साडेदहाच्या सुमाराला सगळे घरात, रस्ते ओस, तो संपला की परत बाहेर येऊन फटाके. आणि १ जानेवारीला एकच विषय, यंदाचा जमला की फसला. बहुतेकांच्या मते नेहमी फसलेलाच असतो.

खारा_वारा
आणि भांडण अजून मिटलेलं नाही म्हणा. २००९ पासून टीव्हीची लायसन्स फी गेली आणि त्याजागी डोईपट्टीसारखा कर आला, १६ ते ७० वयाच्या कमावत्या माणसाने भरायचाच, घरात टीव्ही असो नसो. कंपन्यांनाही लागू. वर रूव्ह जाहिरातीही घेतं, त्यामुळे खासगीवाले कायम बोंबलत असतात की करही यांनाच आणि जाहिरातीही यांनाच, मग आम्ही काय खायचं.

चॅनेलबदलू
रूव्हने जाहिराती घेऊ नयेत असं तुमचं मत आहे का? नवीन धागा काढू?

खारा_वारा
काढा. मी घ्याव्यात या बाजूने आहे, निवांतराव नक्की उलट बोलतील.