मदत हवी आहे: एनसीसीच्या लेकरांना लीडरशिप शिकवायची कशी?

नमस्कार मंडळी, मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत एनसीसी बघतो, म्हणजे शाळेतली ज्युनिअर डिव्हिजन आन मुलींची ज्युनिअर विंग, आठवी-नववीची ५० लेकरं, त्यात १८ मुली. ड्रिलचं टेन्शन नाही, ते जमतंय. अडतंय ते लीडरशिप आन नागरिकत्वाच्या तासाला.

पुस्तकातलं वाचून दाखवलं तर लेकरं 'ए' सर्टिफिकेटच्या परीक्षेपुरतं पाठ करतात आन मोकळे होतात. मग दर आठवड्याला ग्रुप लीडर बदलून पाहिला, पण 'पीछे मुड' म्हणायची पाळी आली की एक पोरगी एवढ्या हळू बोलली की पहिली लाईन वळली, मागचे तसेच उभे! शेवटी नेहमीचाच दांडगा पोरगा पुढं येऊन ओरडतो आन बाकीच्यांना वाटतं लीडर म्हणजे मोठा आवाज. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सगळी तयारी त्यांच्यावरच सोडली होती, तर खुर्च्यांपासून हारापर्यंत सगळं दोघा-तिघांनीच ओढलं.

आता डोक्यात आहे की वर्गातच खोटी ग्रामसभा भरवावी, विषय पाण्याच्या टँकरचा, कारण ते घरोघरचं आहे. कुणी सरपंच, कुणी ग्रामसेवक, बाकीचे गावकरी. पण ५० जणांत पुन्हा चारच बोलतील ही भीती.

तास ४० मिनिटांचा, प्रोजेक्टर नाही, खर्च जवळपास शून्य पाहिजे, आन परेडनंतर लेकरं दमलेली असतात. यूट्यूबच्या लिंका नका देऊ, पाहिल्यात बऱ्याच. ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनी सांगा, ५० जणांचे गट किती-कितीचे पाडले आन गप्प बसणाऱ्या लेकरांना नेमकं कोणतं काम दिलं की ती बोलती झाली?