मदत हवी आहे: दोन टेबलं आपोआप सारखी ठेवायची आहेत

माळरान:
दूध संस्थेचं काम आहे. सभासद टेबलात काही बदललं की एसएमएसच्या टेबलातही तसंच व्हायला हवं. ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) लावलाय, तरी टेबलं जुळत नाहीत. उद्या बिलं निघायची आहेत, लवकर सांगा.

टिंबटिंब:
डेटाबेस कोणता? दोन्ही टेबलं एकाच सर्व्हरवर आहेत का? आणि जुळत नाहीत म्हणजे नेमकं काय होतंय?

जुना_भिडू:
मुळात दोन टेबलं कशाला? एकच ठेवा, एसएमएससाठी व्ह्यू करा, म्हणजे माहिती वेगळी न साठवता त्याच टेबलातून दिसेल. तीच माहिती दोन ठिकाणी ठेवली की कधी ना कधी फरक पडणारच.

माळरान:
व्ह्यू चालणार नाही. एसएमएसचं सॉफ्टवेअर त्याच टेबलात 'पाठवला' अशी खूण करतं. मायएसक्यूएल ८ आहे, सर्व्हर एकच. नवीन सभासद एसएमएसच्या टेबलात येतो, मोबाइल नंबर बदलला तर तोही येतो. काढलेले सभासद तेवढे तिथेच राहतात.

अक्षरओळ:
नावं मराठीत आहेत ना? मग आधी अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ८एमबी४ करून घ्या.

टिंबटिंब:
त्याचा इथे काय संबंध? देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसतं, जुन्या यूटीएफ८मध्येही चालतं.

अक्षरओळ:
कुणी नावात इमोजी टाकला तर अडेल, म्हणून सांगितलं.

टिंबटिंब:
माळरान, आफ्टर डिलीट ट्रिगर (ओळ काढल्यावर चालणारा) आहे का? आणि सभासद काढता कसे?

माळरान:
आहे. एकेक काढला तर दोन्हीकडून जातो, आत्ताच पाहिलं. संकलन केंद्र बंद झालं की आम्ही केंद्रच काढतो, त्याचे सभासद आपोआप जातात.

टिंबटिंब:
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं! सभासदाला केंद्राशी जोडणाऱ्या फॉरेन कीवर ऑन डिलीट कॅस्केड आहे, म्हणजे केंद्र काढलं की डेटाबेसच सभासद काढतो. मायएसक्यूएल ८मध्ये कॅस्केडने गेलेल्या ओळींसाठी ट्रिगर चालतच नाही. केंद्राच्या टेबलावर बिफोर डिलीट ट्रिगर (ओळ काढण्याआधी चालणारा) लावा आणि त्यात त्या केंद्राचे सभासद डिलीट करा. मग सभासदांवरचा ट्रिगर चालेल. एसएमएसच्या टेबलात आधीच्या उरलेल्या ओळी लेफ्ट जॉइन लावून (सभासद टेबलात जोडी नसलेल्या) शोधा आणि काढा.

हत्तीमित्र:
पोस्टग्रेस डेटाबेस घ्या. तिथे कॅस्केडनेही ट्रिगर चालतो.

जुना_भिडू:
उद्या बिलं आहेत म्हणताहेत ते, आज डेटाबेस बदलायचा? आणि माळरान, सभासद डिलीट करूच नका, 'बंद' अशी खूण ठेवा. उद्या कुणी शेअरची रक्कम मागायला आला तर नोंद कुठून काढणार?

माळरान:
बिफोर डिलीट लावला. चाचणीचं केंद्र काढून पाहिलं, सभासद दोन्हीकडून गेले! टिंबटिंब, खूप आभार. आता उरलेल्या ओळी काढतोय. शेअरची नोंद वेगळ्या टेबलात असते.

जुना_भिडू:
त्या टेबलालाही कॅस्केड लावलंय का, ते आजच बघा.