मोनॉन बेलचा सामना: आई-बाबांना न्यावं का? सल्ला हवाय

मिरजमार्गे

मंडळी नमस्कार. मी कोलंबसला असतो. ओहायोतलं नव्हे, इंडियानातलं. कमिन्समुळे इथे भाजी घ्यायला गेलं तरी पुण्याचं कुणी ना कुणी भेटतंच. येऊन चार वर्षं झाली, पण अमेरिकन फुटबॉल मी चॅनेल बदलताना दिसतो तेवढाच पाहिलाय.

ऑफिसातल्या एकाची मुलगी ग्रीनकॅसलच्या डीपॉ विद्यापीठात शिकते. नोव्हेंबरात त्यांचा वॉबॅश कॉलेजशी फुटबॉलचा सामना असतो, त्यालाच मोनॉन बेलचा सामना म्हणतात, यंदा तो ग्रीनकॅसललाच आहे, आणि त्यानं चार तिकिटं देऊ केलीत. नेमके तेव्हा आई-बाबा आमच्याकडे असणार. बाबा ७१ वर्षांचे, मिरजेला रेल्वेत गार्ड होते. कुस्ती आणि क्रिकेट सोडलं तर बाकीचे खेळ त्यांच्या लेखी पोरखेळ. आई शाकाहारी, आणि तिचे गुडघे कुरकुरतात.

बायको म्हणते, एकदाच न्यायचं तर पर्ड्यू विद्यापीठाच्या मोठ्या स्टेडियमला नेऊ, दीड-दोन हजार पोरांच्या कॉलेजचा सामना काय बघायचा! तर जावं का? गेलं तर नेमकं बघायचं काय? आणि त्या थंडीत म्हातारी माणसं तीन तास बसतील का?

बॉयलर_बंडू

पर्ड्यू. विषय संपला. साठ हजार माणसं, बँड, जगातला सगळ्यात मोठा म्हणून मिरवतात तो ढोल. आई-बाबा मिरजेत जाऊन सांगतील तरी काहीतरी.

लालघंटा

बंडू, मी पण पर्ड्यूचीच, पण लग्नानंतर नऊ वर्षं क्रॉफर्ड्सव्हिलला काढली, वॉबॅशपासून चालत दहा मिनिटांवर. दोन्हीकडचे सामने पाहिलेत, म्हणून बोलते.

पर्ड्यूला गाडी लावायची ती मैलभर लांब. मग चालायचं, जिने चढायचे आणि वरून मुंग्या बघायच्या. बाबांना खेळ कळणार नाही आणि काकूंचे गुडघे शिव्या घालतील. ग्रीनकॅसलला तुम्ही मैदानाला एवढे खेटून बसता की दोन रांगा एकमेकींवर आदळतात तो आवाज छातीत ऐकू येतो. कोच कोणावर ओरडला ते ऐकू येतं. खेळाडूची आजी तुमच्या शेजारी बसलेली असते. ही तिसऱ्या डिव्हिजनची कॉलेजं, खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा तिथला नियमच आहे. सोमवारी केमिस्ट्रीचा पेपर असलेली पोरं शनिवारी एकमेकांना लोळवत असतात. यातली बहुतेक पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळणार नाहीत, आणि चौथ्या वर्षाच्या पोरांचा तर हा बरेचदा आयुष्यातला शेवटचा सामना असतो. तो संपल्यावर हरलेल्या बाजूचे धिप्पाड पोरगे हेल्मेट हातात घेऊन जागच्या जागी उभे राहतात, निघवत नाही त्यांना. मी दर वर्षी ते बघून रडते, नवरा हसतो.

आता तुमच्या बाबांसाठी खास. ज्या घंटेसाठी हा सामना होतो ती रेल्वे इंजिनाची आहे. मोनॉन नावाची रेल्वे कंपनी होती, तिची लाइन दोन्ही गावांतून जायची. कंपनीनं १९३२ साली वाफेच्या इंजिनावरची घंटा या सामन्यासाठी देऊन टाकली. वजन ३०० पौंड, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. जिंकणारा ती वर्षभर आपल्याकडे ठेवतो. गंमत म्हणजे घंटा ठेवली त्या पहिल्याच वर्षी सामना ०-० बरोबरीत सुटला!

मिरजमार्गे

लालघंटाताई, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. गेले चार महिने ‘तुमच्या अमेरिकेत बघायचं काय’ म्हणणारा माणूस सरळ उभा राहिला (आईनं सांगितलं). त्यांचा प्रश्न: इंजिनावर घंटा कशाला? आपल्याकडे तर शिट्टी असायची.

रूळवेडा

हा धागा फुटबॉलचा आहे हे ठाऊक आहे, तरी राहवत नाही. इथे रूळ गावाच्या भर रस्त्यातून जायचे, फाटकं नसायची. स्टेशनात आणि वस्तीत शिरताना इंजिनावरची घंटा सतत वाजवत जायचं. लांबून इशारा द्यायला शिट्टी, जवळ आल्यावर घंटा.

मोनॉन १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तिच्या डिझेल मालगाड्यांची इंजिनं काळी-सोनेरी, म्हणजे डीपॉ आणि पर्ड्यूचे रंग. प्रवासी गाड्यांची लाल-करडी, आणि लाल रंग वॉबॅशचा. इंडियानापोलिसमधला मोनॉन ट्रेल हा सायकलचा रस्ता म्हणजे याच कंपनीचे उखडलेले रूळ. बाबांना आदल्या दिवशी तिथे फिरवून आणा. क्रॉफर्ड्सव्हिलला आजही ॲमट्रॅकची कार्डिनल गाडी थांबते, पण आठवड्यातून तीनच दिवस. वेळापत्रक दाखवू नका, गार्डसाहेबांना रात्री झोप लागायची नाही.

चौथा_डाऊन

रूळवेडा, सिग्नल द्या, आता खेळाकडे वळू.

मिरजमार्गे, बाबांना नियमांचं पुस्तक वाचून दाखवू नका. एवढंच सांगा: क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची. इथे तुम्हाला चार चढायांत १० यार्ड पुढे जायचंय, म्हणजे अर्ध्या खेळपट्टीपेक्षा कमी. समोर अकरा जण ते होऊ देत नाहीत. १० झाले की परत चार चढाया. नाही झाले की चेंडू समोरच्याला. शंभर यार्डांचं मैदान असं तुकड्या-तुकड्यानं ओलांडून शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की ६ गुण, वर लाथ मारून आणखी १. अडकलात आणि खांबांच्या मधून लाथेनं चेंडू घातलात तर ३. बाकीचं आपोआप कळतं.

चेंडूकडे बघू नका, चेंडू हरवतो. कडेला दोन माणसं काठ्या आणि १० यार्डांची साखळी घेऊन उभी असतात. शंका आली की ते साखळी घेऊन मैदानात येतात आणि ताणून मोजतात. चेंडूचं नाक काठीच्या बोटभर अलीकडे राहिलं की अर्धं स्टेडियम ‘आआह’ करतं. कुस्तीत खांदे टेकले की नाही यावरून भांडणारा माणूस त्या साखळीच्या प्रेमात पडलाच म्हणून समजा.

आणि कुस्ती खरंच मध्यभागी आहे. धिप्पाड पोरं समोरासमोर वाकून बसतात ना, तिथे बघा. ज्याची रांग पहिल्या पावलात खाली राहून आत घुसते, त्याची बाजू तिसऱ्या सत्रात वर येते. नोव्हेंबरात वारा असतो, लांब फेकलेला चेंडू भरकटतो, म्हणून पळत नेण्यावर भर जास्त. दर वेळी तीन-चार यार्ड, कंटाळवाणं वाटतं. पण तेच तीन-चार यार्ड शेवटच्या दहा मिनिटांत पाच-सहा व्हायला लागले की समजा समोरची रांग दमली.

दुसरं म्हणजे चौथी चढाई. मोठ्या संघांचे लाथ मारणारे खेळाडू भरवशाचे असतात, इथे तसं नाही. म्हणून कोच तीन गुणांचा नाद सोडून चौथ्या चढाईलाही धाव घेतात. सगळी मजा तिथे आहे.

जुनासोनेरी

चौथा_डाऊन, बाकी सगळं पटलं, पण लाथ मारणाऱ्यांना कमी लेखू नका. २००७ साली डीपॉनं शेवटच्या काही सेकंदांत ४७ यार्डांवरून फील्ड गोल, म्हणजे तो तीन गुणांचा, मारला आणि सामना २४-२१ नं घेतला. वाऱ्याबिऱ्यासकट.

लालघंटा

आला बघा डीपॉवाला! मग २००१ पण सांगून टाक की. २१-२१ बरोबरी, वेळ संपलेली, वॉबॅशच्या पोरानं चेंडू आभाळात फेकला. गर्दीत एकाच्या हाताला लागून उडाला आणि आपल्याच दुसऱ्यानं झेलला. २७-२१. क्रॉफर्ड्सव्हिलमध्ये अजून कुणी नुसतं ‘तो कॅच’ म्हणालं की वर्ष विचारत नाहीत.

मिरजमार्गे, ही भांडणं सामन्याचाच भाग आहेत. पहिला सामना १८९० चा. १९१० मध्ये वॉबॅशचा एक खेळाडू दुसऱ्या संघाशी खेळताना डोक्याला मार लागून गेला, कॉलेजनं उरलेला मोसम रद्द केला, म्हणून त्या वर्षी हा सामना नाही. त्यानंतर १९११ पासून कोरोनाचं २०२० सोडलं तर खंड नाही. सव्वाशेच्या वर सामने झाले आणि तरी दोघांच्या विजयांत फारसं अंतर पडलेलं नाही. कॉन्फरन्समधली, म्हणजे ज्या गटात हे दोघे खेळतात त्यातली, बाकीची कॉलेजं बहुतेक ओहायोतली, त्यांच्याशी हरलं तर पोरं दोन दिवसांत विसरतात. ही दोन गावं जेमतेम ३० मैलांवर, एकाच रस्त्यावर. इथे हरलं तर वर्षभर न्हाव्याकडे पण ऐकून घ्यावं लागतं.

घंटा पळवण्याचे किस्से तर विचारूच नका. १९६५ मध्ये वॉबॅशचा एक विद्यार्थी मेक्सिकोचा सरकारी पाहुणा बनून डीपॉच्या अध्यक्षांना भेटला. गोड बोलून घंटा कुठे ठेवलीय ते काढून घेतलं आणि मग रात्री पोरांनी ती लांबवली. अजूनही सामन्याच्या आठवड्यात वॉबॅशची पहिल्या वर्षाची पोरं थंडीत रात्र-रात्र कॅम्पसवर पहारा देतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेकोटी पेटवून बसायची, एकदा मी पातेलंभर चहा नेऊन दिला. आलं घातलेला चहा पिऊन एक जण ठसकला आणि म्हणाला, मॅम, हे डीपॉनं पाठवलं नाही ना?

बॉयलर_बंडू

बरं बाबा, हरलो. पण वॉबॅशला मुलीच नाहीत हे काकूंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘त्या बाजूला सगळे पोरगेच का’ म्हणून विचारत राहतील.

वांगीभात

काकूंच्या वतीनं मी लिहिते, कारण इथे सगळे साखळ्या मोजत बसलेत.

बसायला पायऱ्यांवरचे ॲल्युमिनियमचे बाक असतात. बर्फाच्या लादीवर बसल्यासारखं. दोन जाड चादरी किंवा घरातल्या उशा घेऊन जा, माणशी एक. मोज्यांचे दोन जोड, त्यातला आतला सुती नको, पायाला घाम येतो आणि मग जास्त गारठतं. लोकरी. हातमोजे, कानटोपी, आणि साडीखाली थर्मल. माझ्या सासूबाई नऊवारीवर लाल जॅकेट घालून गेल्या होत्या, लोकांनी फोटो काढले. थंडीचा आकडा ७-८ अंश दिसेल, महाबळेश्वरला असतोच की म्हणाल. आकड्यावर जाऊ नका, शेतांवरून येणारा वारा अडवायला तिथे काही नाही.

खाणं: आत पॉपकॉर्न, चीज घातलेले नाचो, प्रेट्झेल आणि हॉट चॉकलेट, शाकाहारी माणसाचं तेवढ्यावर भागतं पण पोट भरत नाही. बाहेरचं खाणं आत नेता येईलच असं नाही, आणि बॅगेचे नियमही कडक असतात, आदल्या दिवशी वेबसाइटवर बघा. म्हणून सामन्याआधी पार्किंगमध्येच जेवा. सगळे तेच करतात, गाडीचं मागचं दार उघडून चूल मांडलेली असते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. शेजारच्या गाडीवाल्याला एक दशमी द्या, तो तुम्हाला त्याची खुर्ची देतो. अनुभव आहे.

खालच्या रांगेतली जागा मागून घ्या, गुडघ्यांचा प्रश्न सुटतो. मात्र अगदी पहिली रांग नको, समोर उभे राहिलेले खेळाडूच दिसतात. चौथी-पाचवी बरी.

जुनासोनेरी

थोडी भर. सामना साधारण दुपारी एकला सुरू होतो. चार सत्रं, प्रत्येक १५ मिनिटांचं, पण घड्याळ सारखं थांबतं, त्यामुळे एकूण तीन तास धरा. सहकाऱ्यानं दिलेली तिकिटं डीपॉच्या बाजूची असणार, म्हणजे लाल काहीही घालू नका. वांगीभात यांच्या सासूबाईंचं जॅकेट तर अजिबात नको. काळं किंवा सोनेरी. काकूंची मोरपंखी चालेल.

सकाळी तास-दीड तास लवकर या आणि कोर्टाच्या चौकात गाडी थांबवा. तिथे चौथऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातला खराखुरा जर्मन व्ही-१ उडता बॉम्ब बसवलाय. शेंगदाणे खात त्याच्याखाली फोटो काढता येतो. याच गावातली बँक १९३३ मध्ये डिलिंजर या कुख्यात दरोडेखोराच्या टोळीनं लुटली होती. एवढ्याशा गावाला एवढा इतिहास पुरे.

यंदा कोण जिंकेल ते मी सांगणार नाही. या सामन्यात मोसमातली कामगिरी फारशी उपयोगी पडत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी भोगलंय. एवढं बघा की पहिल्या सत्रात कोण चेंडू हातातून सोडतो. गारठलेली बोटं, आणि त्यात या सामन्याचं दडपण, हरवलेल्या चेंडूंवरच बरेचदा निकाल फिरतो. आणि कॉन्फरन्सचं विजेतेपद पणाला असेल तर आणखी तंग, कारण विजेत्याला राष्ट्रीय प्लेऑफमध्ये थेट जागा असते.

चौथा_डाऊन

बरोबरी झाली तर उठून जाऊ नका! आता बरोबरी ठेवत नाहीत. दोघांना आळीपाळीनं २५ यार्डांवरून संधी देतात. टायब्रेकरच.

मिरजमार्गे

सगळ्यांचे आभार. ठरलं, ग्रीनकॅसल. बायकोनं वांगीभात यांचा प्रतिसाद वाचला आणि पर्ड्यूचं नाव सोडलं. उशा, लोकरी मोजे, दशम्या, चौथी रांग, सगळं लिहून फ्रिजवर लावलंय. सहकाऱ्याला खालच्या जागेचं विचारलं, तो म्हणाला बघतो. आदल्या दिवशी मोनॉन ट्रेल.

बाबांची तयारी वेगळीच चाललीय. सामानात त्यांनी नोकरीतली गार्डची शिट्टी टाकलीय, पितळी, निवृत्तीनंतर कपाटात होती. म्हणतात, इंजिनाची घंटा तिथे आहे तर गार्डची शिट्टी पण वाजली पाहिजे. स्टेडियममध्ये चालते का?

चौथा_डाऊन

अजिबात नको!! पंचांची शिट्टी वाजली की चढाई थांबते. बाबांनी चौथ्या चढाईला वाजवली तर दोन्ही कॉलेजं मिळून तुम्हाला ३० मैल पळवतील.

रूळवेडा

सामना संपल्यावर, पार्किंगमध्ये. एक लांब, एक आखूड. आणि व्हिडिओ इथे टाका.