लेव्हल टू पास झालो, पण क्रॅक ओळखायला शिकलो का?

उद्यमबागचा फिटर
मंडळी, गेल्या महिन्यात पीटी-एमटी (रंगद्रवानं आणि चुंबकानं धातूतली भेग शोधायची तपासणी) याची लेव्हल टू परीक्षा पास झालो. क्लासचे निम्मे दिवस क्वेश्चन बँक घोकण्यात गेले, आणि प्रॅक्टिकलला पीस आला तो क्लासमध्ये दोनदा हाताळलेलाच, वेल्डच्या डाव्या टोकाला क्रॅक, सगळ्यांना पाठ. शेजारच्यानं डेव्हलपर (भेग उठून दिसावी म्हणून मारायची पांढरी पावडर) मारायच्या आधीच रिपोर्टात जागा लिहून टाकली आणि तोही पास. मग फाउंड्रीत परत आलो, हाऊसिंगवर योक (तपासणीचा चुंबक) लावला एकाच दिशेनं आणि पीस ओके केला. चुंबकाच्या फील्डला समांतर असलेली क्रॅक दिसत नाही, म्हणून काटकोनात परत लावायचं असतं, हे पेपरात मी बरोबर टिक केलेलं, पण हाताला ते वळणच नव्हतं. सीनियरनी पकडलं म्हणून बरं, नाहीतर पीस गाडीत चढलाच होता.

खानापूरकर
परीक्षेला कशाला नावं ठेवता ओ? एसएनटी-टीसी-१ए या अमेरिकन नियमावलीप्रमाणे सर्टिफाय करतो तो एम्प्लॉयर, क्लासवाला नाही. जनरल, स्पेसिफिक, प्रॅक्टिकल अशा तीन परीक्षा, प्रत्येकात किमान ७० टक्के आणि सरासरी ८० टक्के लागते. स्पेसिफिक पेपर तर आपल्याच कंपनीच्या प्रोसीजरवर पाहिजे, पण आपले मालक बाहेरून तयार पेपर आणतात, मग काय होणार? आणि घोकंपट्टीला एवढं वाईट म्हणू नका, ड्वेल टाइम (द्रव भेगेत मुरायला द्यायचा वेळ) का पाळायचा हे मी आधी पाठच केलं, समजलं नंतर.

शहापूरची अक्का
पाठांतराचं ठीक आहे, पण प्रश्न कसे घालतात ते बघा की. "खालीलपैकी कोणते लागू नाही" असले वळणाचे इंग्रजी प्रश्न. आमच्याकडचा पोरगा कास्टिंगवर हातोडी वाजवून भेग आहे की नाही सांगतो, कानडी-मराठी दोन्ही फाडफाड, तो जनरलला उडाला. त्याला मॅग्नेटिझम कळत नव्हतं असं नाही, त्याला ते वाक्य कळलं नाही.

खानापूरकर
अक्का, पण कस्टमरचं ड्रॉइंग, स्टँडर्ड, रिपोर्ट सगळं इंग्रजीतच येतं. अॅक्सेप्टन्स लिमिट (किती दोष चालतो ती मर्यादा) वाचताना चुकला तर सगळा लॉट जाईल, तेव्हा कोण भरून देणार?

निपाणीकर
मग ड्रॉइंगच पुढ्यात ठेवून वाचायला लावा, पेपरात शब्दांचा घोळ कशाला? मला तर मूळ दुखणं वेगळंच वाटतं, शिकवणारा आणि पास करणारा एकच माणूस असतो. आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये सर्टिफिकेट स्वतंत्र संस्था देते, ते मला पटतं. खर्च जास्त होतो, छोट्या फाउंड्रीला जड जातं, हे खरं आहे.

खानापूरकर
आणि नवे पीस आणायचे कुठनं? क्रॅक नक्की कुठं, किती लांब याची नोंद असलेला पीस फुकट मिळत नाही. म्हणून तर तेच तेच वर्षानुवर्षं चालतात.

उद्यमबागचा फिटर
रिजेक्ट कास्टिंगचा ढीग आमच्या यार्डातच पडलाय, भट्टीत परत वितळवायच्या आधी चाळीसेक पीस बाजूला काढता येतील. दोन सीनियरनी वेगवेगळं तपासून नोंद करायची, त्यात चांगलेही पीस मिसळायचे, म्हणजे काही नसताना क्रॅक दाखवणाराही कळेल. मालकांशी मी सोमवारी बोलतो, खानापूरकर, तपासायला तुम्ही याल काय?