टायनो आहेत की, ताटात बघा
वर कोणीतरी म्हटलंय की सांतो दोमिंगोत (डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या राजधानीत) सगळं स्पॅनिशच, टायनोंचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, काही उरलंच नाही. इमारतींपुरतं मान्य, ओसामा नदीकाठचा तो किल्ला १५०२ च्या सुमाराचा आणि तो बांधायला लावणाऱ्या स्पॅनिश गव्हर्नर ओवांदोनंच टायनोंच्या अनाकाओना राणीला फासावर चढवलं. पण खाण्यात बघा ना! कासाबे म्हणजे कसाव्याची भाकरी, कडू कंद किसायचा, पिळून विषारी रस काढून टाकायचा, मग चोथा चाळून गरम तव्यावर पसरायचा, टायनोंची ही पद्धत आजही चालू आहे, आणि भाकरी कसली, खाकऱ्यासारखी कडक. २०२४ ला युनेस्कोच्या यादीतपण आली. आणि हो, आपला उपासाचा साबुदाणा कसाव्याचाच बरं का, उगाच हसू नका!