मदत हवी आहे: सायकलच्या मोहिमेत पायी चालणाऱ्यांना कसं सामावून घ्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही काही सायकलस्वार सुरक्षित रस्त्यांसाठी मोहीम चालवतो. आतापर्यंत मागणी एकच होती, सायकलसाठी वेगळी मार्गिका. गेल्या बैठकीला काठी टेकत आलेल्या एक आजी म्हणाल्या, "तुमच्या सायकलीसुद्धा फुटपाथवर अंगावर येतात. मी चालू कुठून?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. ते वाक्य मनातून जात नाही.

खरं तर दुखणं एकच. रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, वाहनं आणि पायी किंवा सायकलने जाणारी माणसं जिथे मिसळतात तिथे ताशी ३० किमीची मर्यादा सुचवली आहे. ती दोघांच्याही भल्याची. सिग्नलचंच बघा. सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तर १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत पार होतो. ०.८ मीटरने चालणाऱ्याला १५ लागतात, म्हणजे सिग्नल १० सेकंदांचाच ठेवला तर आजी मध्येच अडकणार.

मार्गिका फुटपाथ कापूनच मिळत असेल तर ती नाकारावी का? माझ्या मते नाकारावी, पण आमच्यात मतभेद आहेत. आणि ज्येष्ठ, अंध व्यक्तींना नुसतं सभेला न बोलावता मागणीपत्र ठरवतानाच सोबत कसं घ्यायचं? कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.